फायनान्स कंपनीकडून माहिती फुटली, आता भरपाई कुणाकडे मागायची?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): दोन वर्षांपूर्वी मी एका फायनान्स कंपनीकडून तीन लाखांचं पर्सनल लोन घेतलं. १०,४५० रुपयांचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला खात्यातून जातो. दीड महिन्यापूर्वी कंपनीचा मेल आला की काही ग्राहकांची माहिती अनधिकृतपणे पाहिली गेली असण्याची शक्यता आहे. बाराव्या दिवशी मला फोन आला. समोरच्याला माझा लोन नंबर, हप्त्याची रक्कम, तारीख सगळं माहीत होतं. मॅन्डेट (हप्ता खात्यातून आपोआप कापण्याची परवानगी) फेल झालाय म्हणून त्याने लिंक पाठवली आणि माझ्या खात्यातून दोन व्यवहारांत १८,६०० रुपये गेले. दुसऱ्या दिवशी मी बँकेला कळवलं. मग क्रेडिट रिपोर्ट काढला, तर कुठल्याशा लोन ॲपवरून माझ्या नावावर ३५,००० रुपयांचं कर्ज उचललेलं दिसलं, त्याचा एक हप्ता थकलेला. त्या नोंदीतला पत्ता माझ्या जुन्या भाड्याच्या घराचा आहे, आणि फायनान्स कंपनीच्या कागदांत सोसायटीच्या नावात जी चूक झाली होती तीच त्यातही आहे. कंपनी आता वर्षभर मोफत ‘क्रेडिट वॉच’ देऊ म्हणते, त्यासाठी मेलमधलं ‘स्वीकारतो’ बटण दाबायचं आहे. दुसरीकडे ग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जण प्रत्येकी १,५०० रुपये आणि कुलमुखत्यारपत्र मागतोय, सगळ्यांची मिळून केस करतो म्हणतो. मी काय करू? भरपाई मिळते का? वकील लावावा लागेल का?

उत्तर:

तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाची गोष्ट आहे सोसायटीच्या नावातली ती चूक. ती नीट जपून ठेवा.

माहिती फुटल्याच्या तक्रारी बहुतेक वेळा एकाच जागी अडकतात. कंपनी म्हणते, ‘तुमचं नुकसान झालं असेल, पण ती माहिती आमच्याकडूनच गेली कशावरून? तुमचा पॅन, पत्ता, फोन नंबर दहा ठिकाणी असतो.’ या प्रश्नाला उत्तर नसेल तर तक्रार तिथेच लटकते. तुमच्याकडे उत्तर आहे. चुकीच्या स्पेलिंगचा तो पत्ता तुम्ही दुसऱ्या कुणाला दिलेला नसेल, तर तो या कंपनीच्या रेकॉर्डमधून बाहेर पडला असं ठामपणे मांडता येतं. कंपनीचं मंजुरीपत्र किंवा करारनामा, ज्यात ती चूक छापलेली आहे, आणि क्रेडिट रिपोर्टचं ते पान, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून प्रिंट काढा. त्याच सुमारास तुम्ही तो पत्ता आणखी कुठे दिला होता का, तेही प्रामाणिकपणे तपासा. दुसऱ्या बँकेने किंवा विमा कंपनीने तुमचे जुने कागद बघून तीच चूक उचलली असेल, तर ते कंपनीच्या वकिलाकडून कळण्यापेक्षा आधी तुम्हाला कळलेलं बरं.

आधी कंपनीला पत्र, आणि ते याच आठवड्यात

घाई यासाठी की पुरावा तुमच्या हातात नाही, कंपनीच्या सर्व्हरवर आहे. कुठल्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून), कोणत्या लॉगिनने, किती नोंदी बाहेर गेल्या हे सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदींमध्ये, असतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असे लॉग मागच्या १८० दिवसांचे सांभाळणं बंधनकारक आहे. हे १८० दिवस सरकते असतात, रोज एक नवा दिवस जोडला जातो आणि सगळ्यात जुना गळतो. मेल दीड महिन्यापूर्वी आला, पण चोरी त्याच्याही आधीची असणार, किती आधीची हे कंपनीनेच सांगायचं आहे. सहा महिने वाट बघून नोटीस दिलीत, तर ‘तेव्हाचे लॉग आता उपलब्ध नाहीत’ असं उत्तर येऊ शकतं, आणि नियमाच्या भाषेत ते चूकही नसेल.

पत्र तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावाने पाठवा. त्याचं नाव आणि मेल कंपनीच्या वेबसाइटवर असायलाच हवं. मेलने पाठवाच, शिवाय स्पीड पोस्टनेही पोचपावतीसह पाठवा. कस्टमर केअरच्या चॅटवर लिहिलेली तक्रार पुढे उपयोगी पडत नाही, कारण तिचा नंबर मिळतो पण मजकूर तुमच्याकडे राहत नाही. मजकूर साधा असू दे:

*‘आपल्या अमुक तारखेच्या मेलनुसार माझी माहिती अनधिकृतपणे पाहिली गेली आहे. माझा लोन क्रमांक अमुक. कृपया लेखी कळवा: (१) माझ्या नोंदीतली नेमकी कोणकोणती माहिती बाहेर गेली, प्रत्येक बाब वेगळी; (२) घटना कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत घडली आणि आपल्याला केव्हा कळली; (३) माहिती आपल्या सिस्टिममधून गेली की आपल्या एखाद्या व्हेंडरकडून; (४) सर्ट-इन आणि रिझर्व्ह बँकेला केव्हा कळवलं. या घटनेशी संबंधित सर्व लॉग, तपास अहवाल आणि पत्रव्यवहार वाद मिटेपर्यंत जतन करावेत. या घटनेमुळे माझं झालेलं नुकसान सोबतच्या तक्त्यात आहे, ते ३० दिवसांत भरून द्यावं.’*

पहिला प्रश्न सर्वात महत्त्वाचा का, ते पुढे येईलच. तिसरा प्रश्न विचारायचा कारण कंपन्या बऱ्याचदा कॉल सेंटर, वसुली एजन्सी, लोन ॲप अशा बाहेरच्या हातांकडे बोट दाखवतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत काम बाहेर दिलं तरी जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेचीच राहते, त्यामुळे ‘व्हेंडरकडून गेली’ हे कबुलीसारखं आहे, बचाव नाही. चौथ्या प्रश्नामागचं कारण असं, की घटना लक्षात आल्यापासून सर्ट-इनला कळवायला फक्त ६ तास मिळतात. तारखा जुळत नसतील तर कंपनीच्या निष्काळजीपणाबद्दलचा तुमचा मुद्दा भक्कम होतो.

आणि कंपनीवर कितीही राग आला तरी मूळ लोनचा हप्ता थांबवू नका. हप्ता थकला की वसुली सुरू होते, स्कोअर खरोखरच पडतो, आणि नुकसान त्यांच्यामुळे की तुमच्यामुळे हा नवा वाद उभा राहतो.

गेलेले १८,६०० रुपये

१९३० वर फोन करून किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार केली नसेल तर आजच करा. उशीर झालाय, पण त्या तक्रारीचा क्रमांक पुढे प्रत्येक अर्जात लागतो, आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथे काही शिल्लक असेल तर ते गोठवता येतं. गोठवलेली रक्कम परत मिळवायला वेगळी प्रक्रिया करावी लागते, गरज पडल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्जही. ती आपोआप खात्यात येत नाही.

बँकेच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी घालून दिलेला नियम असा: चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसरीकडेच गडबड झालेली आहे, आणि ग्राहकाने ३ कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर शून्य भार. तुम्ही दुसऱ्याच दिवशी कळवलंत, त्यामुळे मुदतीत आहात. बँकेने १० कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची असते. ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे.

आता अडचण. लिंक उघडल्यावर यूपीआय पिन तुम्ही स्वतः टाकला होता का? टाकला असेल तर बँक म्हणणार की ग्राहकाने स्वतःच निष्काळजीपणा केला, आणि त्याच नियमात अशा वेळी कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं धरलं आहे. बँकेकडे तक्रार कराच, पण पिन टाकला असेल तर तिच्यावर फार भिस्त ठेवू नका आणि अर्जात ही गोष्ट लपवू नका. या रकमेचा मुख्य दावा फायनान्स कंपनीवर बसतो. अनोळखी माणसाने नुसतं ‘मॅन्डेट फेल झालाय’ म्हटलं असतं तर तुम्ही फोन ठेवला असता. लोन नंबर, १०,४५० आणि ५ तारीख या तीन गोष्टी बरोबर सांगितल्यामुळे तुम्ही विश्वास ठेवलात. तक्रारीत हे असंच, या क्रमाने लिहा.

नावावरचं खोटं कर्ज

हे काम रकमेच्या दाव्याइतकंच तातडीचं आहे, कारण दर महिन्याला ते तुमचा स्कोअर खाली ओढत राहील.

ॲपच्या मागे कोणती नोंदणीकृत कर्जसंस्था आहे ते क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं. तिला लेखी कळवा की हे कर्ज मी घेतलेलं नाही, आणि कर्जाचा करार, केवायसीसाठी वापरलेली कागदपत्रं व सेल्फी, ओटीपी गेलेला मोबाइल नंबर, आयपी पत्ता, आणि कर्जाची रक्कम ज्या बँक खात्यात जमा झाली त्या खात्याचा तपशील मागा. शेवटची बाब कळीची आहे. पैसे तुमच्या खात्यात आलेच नसतील तर कर्ज तुमचं नाही हे सांगायला दुसरा पुरावा फारसा लागत नाही. वसुलीचा फोन येईल, ‘सध्या एक हप्ता भरा, मग बघू’ असं सुचवलं जाईल. एक रुपयाही भरू नका. भरलात तर कर्ज मान्य केल्यासारखं दिसतं.

त्याच वेळी क्रेडिट ब्युरोकडे (कर्जाच्या नोंदी आणि स्कोअर ठेवणाऱ्या कंपनीकडे) ऑनलाइन वाद नोंदवा. देशात चार ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. एकात दिसलेली नोंद बाकी तिघांत वेगळ्या रूपात असू शकते, तेव्हा चारही रिपोर्ट काढा. वर्षातून एकदा प्रत्येकाचा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तक्रार ३० दिवसांत सुटायला हवी. न सुटल्यास उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. म्हणून तक्रारीची तारीख आणि क्रमांक टिपून ठेवा आणि एकतिसाव्या दिवशी भरपाई नावानिशी मागा.

पोलिसांत फिर्याद या कर्जासाठी हवीच. ओळख चोरण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-सी आणि तोतयेगिरीने फसवण्यासाठी ६६-डी लागतं. फिर्याद अज्ञात व्यक्तीविरुद्ध असू दे. ‘कंपनीलाच आरोपी करा’ असा हट्ट ठाण्यात धरलात तर गाडी तिथेच अडते. मात्र कंपनीचा मेल, त्याची तारीख आणि पत्त्यातली चूक मजकुरात आलीच पाहिजे. ऑनलाइन कळवलेल्या गुन्ह्याच्या माहितीवर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्याने नोंद घ्यायला नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे (शहरात आयुक्तालयाकडे) लेखी पाठवा, तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

आधारचं बायोमेट्रिक लॉक करणं आणि संचार साथी पोर्टलवर आपल्या नावाने किती सिम चालू आहेत हे बघणं, ही दोन कामं अर्ध्या तासाची आहेत. करून टाका.

भरपाईची दारं, आणि कुठलं आधी ठोठवायचं

सगळ्यात जास्त गैरसमज नव्या डेटा संरक्षण कायद्याबद्दल आहे. ‘२५० कोटींचा दंड’ हे ऐकून ग्रुपवर लोक आपला वाटा मोजायला लागतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. सुरक्षेची काळजी न घेतल्यास २५० कोटींपर्यंत आणि माहिती फुटल्याचं न कळवल्यास २०० कोटींपर्यंत दंड त्यात आहे. पण हा दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. शिवाय कंपन्यांवरची मुख्य बंधनं नियम आल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. तेव्हा हा कायदा कंपनीला धाक बसवणारा आहे, तुमचे १८,६०० परत देणारा नाही.

पैसे देणारी तरतूद जुन्या कायद्यात आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३-ए म्हणतं की संवेदनशील माहिती हाताळणाऱ्या कंपनीने वाजवी सुरक्षा राखण्यात निष्काळजीपणा केला आणि त्यामुळे कुणाचं नुकसान झालं, तर तिने भरपाई द्यावी. ५ कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव न्यायनिर्णय अधिकारी म्हणून ऐकतात. महाराष्ट्रात त्यासाठी मंत्रालयात अर्ज करायचा. मागणीच्या रकमेनुसार शुल्क चढतं, म्हणून आकडा उगाच फुगवू नका. चार महिन्यांत सुनावणी आणि सहा महिन्यांत निकाल अशी नियमातली अपेक्षा आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चला.

आणि इथे कंपनीला द्यायच्या पत्रातला पहिला प्रश्न येतो. २०११ च्या नियमांत ‘संवेदनशील माहिती’ची यादी ठरलेली आहे: पासवर्ड, बँक खातं किंवा कार्डासारखी आर्थिक माहिती, बायोमेट्रिक, आरोग्याची माहिती वगैरे. नुसतं नाव, पत्ता, फोन नंबर त्यात बसत नाही. कंपनीने ‘फक्त संपर्काची माहिती गेली’ असं लिहून दिलं तर ४३-ए चा दावा कमकुवत होतो. मॅन्डेटसाठी दिलेला बँक खाते क्रमांक गेला असेल तर बसतो. म्हणून प्रत्येक बाब वेगळी आणि लेखी मागायची. हेच कलम नव्या कायद्याची मुख्य बंधनं लागू होतील तेव्हा, म्हणजे मे २०२७ मध्ये, वगळलं जाणार आहे. आधी घडलेल्या घटनेवरचा हक्क साधारणपणे त्याने बुडत नाही, पण तो वाद अंगावर घेण्याचं कारण नाही. या वाटेने जायचं असेल तर त्याआधीच अर्ज दाखल करा.

तुमच्या स्थितीत मी मात्र ग्राहक आयोगाची वाट वर ठेवेन. कारण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायदा सोडून दुसऱ्याला उघड करणं हीच ‘अनुचित व्यापारी प्रथा’ म्हटली आहे, आणि सेवेतली त्रुटी हा मुद्दा वेगळा. चोरी झालेली माहिती म्हणजे कंपनीने ‘उघड केलेली’ नव्हे, असा युक्तिवाद कंपनी करेल, म्हणून तक्रारीत दोन्ही मुद्दे घ्या आणि जोर त्रुटीवर द्या. संवेदनशील यादीचा अडथळा इथे नाही. मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्चही मागता येतो. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. तुम्ही कंपनीला मोजलेली फी आणि व्याज हा मोबदला धरला तर तो ५ लाखांच्या आतला आहे, तिथे शुल्क शून्य. करारात लवादाचं कलम असलं तरी आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. कंपनीच्या मेलची तारीख धरून मोजा, म्हणजे वाद उरणार नाही.

तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. कंपनीला म्हणणं मांडायला ३० दिवस आणि वाढवून जास्तीत जास्त १५ दिवस मिळतात. त्यापुढे आयोगही मुदत देऊ शकत नाही. कंपनीचा वकील तारीख मागत राहिला तर हे ४५ दिवस लक्षात ठेवा.

या सगळ्याआधी एक पायरी बिनखर्चाची आहे. कंपनीला पत्र देऊन ३० दिवस झाले, उत्तर आलं नाही किंवा टोलवाटोलवीचं आलं, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तिच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करा. फी नाही, वकील नको. तीस दिवसांनंतर मात्र रेंगाळू नका. खोट्या कर्जाची संस्था, तुमची बँक आणि ही फायनान्स कंपनी, तिघींविरुद्धच्या तक्रारी वेगवेगळ्या टाका. क्रम इथे महत्त्वाचा आहे: प्रकरण न्यायालयात किंवा आयोगात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही. उलट लोकपालाचा निर्णय पटला नाही तर आयोगाकडे जाता येतं. म्हणून आधी लोकपाल, मग आयोग. फक्त लोकपालाने सुचवलेली रक्कम ‘पूर्ण आणि अंतिम’ म्हणून स्वीकारली की विषय तिथेच संपतो, हे सही करण्याआधी वाचा.

आयोग आणि ४३-ए या दोन्हीकडे एकाच नुकसानीसाठी एकदम जाऊ नका. एकात दुसऱ्याचा हवाला देऊन दोन्ही अडवले जातात.

‘स्वीकारतो’ बटण आणि १,५०० रुपये

बटण दाबण्याआधी त्याखालच्या अटी उघडून पीडीएफ करून ठेवा. ‘या घटनेसंदर्भात पुढे कोणताही दावा करणार नाही’ अशा अर्थाचं एखादं वाक्य आहे का ते शोधा. असेल तर दाबू नका. नसेल तर मोफत सेवा घ्यायला हरकत नाही, पण मेलला उत्तर देऊन लिहा: ‘सेवा घेत आहे, माझे सर्व कायदेशीर हक्क राखून.’ आणि ती लिंक मेलमधून न उघडता कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः जाऊन शोधा. माहिती फुटली की काही आठवड्यांत तिच्याच नावाने ‘भरपाईसाठी खाते क्रमांक भरा’ असे बनावट मेल फिरतात. तुम्ही एकदा फसलेले आहात, म्हणजे तुमचा नंबर त्यांच्या यादीत पुन्हा येणार.

ग्रुपमधल्या माणसाला कुलमुखत्यारपत्र देऊ नका. एकत्र तक्रार करता येते, आणि ती चांगलीही आहे. समान हितसंबंध असलेल्या सगळ्यांच्या वतीने एक किंवा काही जण आयोगाच्या परवानगीने तक्रार करू शकतात, आणि मोजकेच लोक आपापल्या नावाने एक संयुक्त तक्रारही करू शकतात. पण तुमच्या नावाने तडजोड करण्याचा अधिकार अनोळखी माणसाच्या हातात कशासाठी द्यायचा? ग्रुपचा खरा उपयोग वेगळा आहे. पाच-सात जणांना त्याच आठवड्यात, त्याच ‘मॅन्डेट फेल’च्या बतावणीने फोन आले असतील, तर त्यांची शपथपत्रं तुमच्या तक्रारीला जोडा. एकट्याच्या योगायोगाला कंपनी उडवून लावते, सात जणांच्या योगायोगाला तिला उत्तर द्यावं लागतं.

किती मागायचं आणि कशावर

नुकसानीचा तक्ता करा आणि प्रत्येक ओळीसमोर कागद लावा. १८,६०० रुपयांसमोर बँक स्टेटमेंट. रजा टाकून ठाण्यात आणि बँकेत घालवलेल्या दिवसांसमोर बिनपगारी रजेची नोंद, असेल तर. स्कोअर पडल्यामुळे दुसरं कर्ज नाकारलं गेलं किंवा महाग मिळालं, तर त्या बँकेचं पत्र. ते आपणहून देत नाहीत, लेखी मागून घ्या. मानसिक त्रासाचा आकडा स्वतंत्र ओळीत आणि पटण्याजोगा ठेवा. पुढे कधीतरी गैरवापर होईल या भीतीवर मोठी रक्कम मिळण्याची शक्यता कमी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. घडलेल्या नुकसानीला कागदाचा आधार असेल तर मात्र तुमची बाजू चांगली आहे.

कंपनीच्या मेलचा स्क्रीनशॉट पुरत नाही. मेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडून पूर्ण हेडरसकट (मेल कुठून, केव्हा आला ते दाखवणाऱ्या मजकुरासकट) फाइल डाउनलोड करा. फसवणुकीचा कॉल रेकॉर्ड झाला असेल तर तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग ‘अ’ तुम्ही भरायचा आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा) लिहावी लागते. ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम तितक्या काटेकोरपणे लावत नाहीत, पण कंपनीचा वकील नेमकं हेच उकरून काढतो, आणि पुढे अपील झालं तर ते कामाला येतं.

वकिलाबद्दल: लोकपालासाठी नको, जिल्हा आयोगातही सक्ती नाही, तुमच्यासारखं प्रकरण स्वतः चालवता येतं. कलम ४३-ए चा अर्ज किंवा सामूहिक तक्रार करायची ठरली तर लावा, आणि सायबर कायद्याची प्रकरणं चालवलेलाच लावा. तालुका आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पात्र अर्जदारांना मोफत वकील मिळतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

कंपनीला पत्र पाठवाल त्या दिवशी कॅलेंडरवर दोन खुणा करा: तिसाव्या दिवसानंतर लोकपाल, आणि ब्युरोकडच्या वादाचा एकतिसावा दिवस. पोचपावती आली की तिचा फोटो काढून त्याच फाइलमध्ये, पत्त्यातल्या चुकीच्या त्या दोन पानांच्या मागे लावा.